गॅसवरची जिप्सी आणि मामाचा सिलिंडर

गेले तीन शनिवार मी सातिवलीत काढले. सातिवली म्हणजे आमच्या वसई पूर्वेचा तो भाग, जिथे एकाला एक चिकटून गाळेच गाळे आहेत. कुठे लेथ, कुठे प्लास्टिक मोल्डिंग, कुठे पॅकिंग. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर. आठवडाभर एसीत बसून दुसऱ्याच्या कोडमधले बग काढणाऱ्या माणसाने शनिवारी तिथे काय करावं? तर गाडीखाली झोपावं.

गाडी मामाची. मारुती जिप्सी, वाइड ट्रॅक, १९९४ चं मॉडेल, ९७० सीसी, कार्ब्युरेटरवाली. नंबर एमएच ०४, कारण तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. मामाचा सातिवलीत छोटा गाळा आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. यंदा दिवाळीनंतर तो गाळा बंद करतोय. मशिनांना गिऱ्हाईक मिळालं, पण जिप्सीचं काय करायचं हे ठरेना. शेवटी म्हणाला, "तुला हवी तर घेऊन जा. पण पेट्रोल तुझ्या पगारात बसतंय का बघ."

बसत नाही! मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली मे २०२१ मध्ये, आणि जिप्सी सरळ रस्त्यावर लिटरला जेमतेम दहा देते. लो रेंज टाकून चिखलात घातली की आकडा विचारायचाच नाही. म्हणून डोक्यात आलं की एलपीजी किट बसवू. आणि माझी वाईट सवय अशी की कुठलीही गोष्ट बसवण्याआधी तिचा इतिहास वाचल्याशिवाय चैन पडत नाही. तो वाचता वाचता एक घरचा इतिहासही हाती लागला. तो शेवटी सांगतो.

कोळशावरच्या गाड्या

"गॅसवर गाडी" म्हटलं की आपल्याला पिवळा-काळा रिक्षावाला आठवतो. पण आपल्याकडे गॅसवर गाड्या चालल्या त्या दुसऱ्या महायुद्धात. पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा खाजगी मोटार सर्व्हिसवाल्यांनी बसच्या मागे लोखंडी भट्ट्या लावल्या. आजोबांच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, "कोळशावरची मोटार" हमखास आठवायची.

तंत्र साधं होतं. बंद भट्टीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा. पूर्ण जळत नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइड निघतो, पाण्याची वाफ सोडली तर थोडा हायड्रोजनही. हा वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. याला म्हणायचे प्रोड्युसर गॅस. त्यात निम्मा तर नायट्रोजनच, म्हणून इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटायची. सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे आधी क्लीनरने भट्टी पेटवून हँडलने पंखा फिरवत बसायचं. चढ आला की प्रवासी खाली उतरून चालणार. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, गळती झाली तर माणसाला कळायच्या आत तो गुंगतो.

कोळसा यायचा कुठून? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांतून. जंगलात भट्ट्या लावून कोळसा पाडायचं काम पिढ्यान् पिढ्या कातकऱ्यांचं. म्हणजे ज्या डोंगरात आम्ही आज हौसेने गाड्या घालतो, तसल्याच डोंगरात कोणीतरी धूर खात आमच्या आजोबांच्या प्रवासाचं इंधन बनवत होतं.

युद्ध संपलं, पेट्रोल परत आलं, भट्ट्या भंगारात गेल्या. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. परत भट्टी लावावी असं कोणाला वाटलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जीप, तेलसंकट आणि डिझेल

आपल्या ऑफ-रोड गाड्यांची सुरुवातही त्याच दशकातली. १९४५ मध्ये मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले, इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४७ पासून त्यांनी सुटे भाग आणून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती. पुढे इथेच बनू लागलेल्या सीजे-३बी मध्ये २.२ लिटरचं 'हरिकेन' पेट्रोल इंजिन. दणकट, पण पेट्रोल पिणारं.

मग आलं १९७३ चं तेलसंकट. जगात तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळपास चौपट झाल्या. पेट्रोलवरची जीप परवडेना. अमेरिकेत, इटलीत, हॉलंडमध्ये गाड्यांना गॅस किट लावणं हा तोवर चांगला रुळलेला धंदा होता. इटलीतली लांडी रेन्झो ही किटवाली कंपनी तर १९५४ पासूनची. आपण मात्र गॅसकडे गेलो नाही, डिझेलकडे गेलो. महिंद्राने जीपमध्ये आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवलं, आणि नंतर फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन परवाना घेऊन बनवायला घेतलं, तेही आपल्या इगतपुरीला. गावोगावच्या वडापच्या जीपा याच वंशातल्या.

आपण गॅसकडे का गेलो नाही? कारण गॅसच नव्हता. मुंबईत घरगुती एलपीजी पंचावन्न सालच्या आसपास आला, 'बर्शेन' नावाने, ट्रॉम्बे-माहुलच्या रिफायनऱ्यांच्या पाठोपाठ. पण रिफायनरीतून निघणार तो किती? १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं, १९७६ पासून ते बाहेर येऊ लागलं आणि तिथला वायू उरणला आणून त्यातून एलपीजी काढला जाऊ लागला, तेव्हा कुठे पुरवठा वाढला. तरी ऐंशीच्या, नव्वदच्या दशकात गॅस कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे लोक. लग्नात मुलीला कनेक्शन देणं म्हणजे मोठी भेट! जिथे चुलीला पुरत नाही, तिथे गाडीला कोण देणार? त्यातून स्वयंपाकाच्या गॅसवर सबसिडी. म्हणून गाडीत एलपीजी वापरायला बंदीच होती.

आणि सबसिडी व बंदी एकत्र आली की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. लाल सिलिंडर व्हॅनच्या मागच्या सीटखाली गेला.

कायदा आला

सन २००० मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि गाडीत एलपीजी वापरायला परवानगी मिळाली. पाठोपाठ २००१ मध्ये मोटार वाहनांतील एलपीजीच्या वापराचं नियमन करणारा वेगळा आदेश निघाला. टाकी कशी असावी, कोणी भरावी, किट कोणी मंजूर करावं, सगळं लिहून आलं. पुढे कंपन्यांनीच गॅसवरच्या गाड्या काढल्या. वॅगन-आर ड्युओ २००६ ची, आठवत असेल.

मुंबईची गोष्ट मात्र वेगळी वळली. इथे महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली होती, पाइपलाइनचा गॅस हाताशी होता. प्रदूषणावरून प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. जिथे पाइपलाइन पोचली नव्हती, त्या बंगळूर, चेन्नई, हैदराबादच्या रिक्षा एलपीजीवर गेल्या. आता पाइपलाइन पसरत चालली तसा सीएनजी पसरतोय आणि ऑटो एलपीजी मागे पडतोय. आमच्या पालघर जिल्ह्यातही सीएनजी आलाच.

म्हणजे बघा हं: युद्ध, तेलसंकट, कोर्ट. हौसेने इंधन बदललंय असं एकदाही झालं नाही, दर वेळी कोणीतरी मान पकडली तेव्हाच.

मग जिप्सीला काय लावायचं?

इथे इंजिनिअर जागा झाला. एक्सेल उघडली. ज्यांना खरंच किट बसवायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात.

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. साध्या दाबाखाली द्रव होतो, त्यामुळे टाकी हलकी. सीएनजी २०० बार दाबाने भरावा लागतो, म्हणून त्याचा सिलिंडर जाडजूड आणि जड. चिखलात जाणाऱ्या छोट्या गाडीच्या मागच्या चाकांवर एवढं कायमचं वजन नको, हा एलपीजीच्या बाजूचा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा मला फार आवडला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी एक तरंगता फ्लोट सांभाळतो. गाडी तीव्र चढावर किंवा आडवी कलली की पातळी बिघडते, आणि नेमकं नको तिथे इंजिन बंद पडतं. गॅस तर वायूच, त्याला कलण्याचं काय? म्हणूनच अमेरिकेतले खडकांवर गाड्या चढवणारे हौशी लोक कार्ब्युरेटर काढून प्रोपेन लावत आले. फक्त टाकीतली द्रव उचलणारी नळी उघडी पडू नये म्हणून टाकी बरीच भरलेली ठेवायची.

आता तोटे. एका लिटर एलपीजीत पेट्रोलच्या साधारण पाऊणपट ऊर्जा, म्हणजे दहाचं अ‍ॅव्हरेज आठवर येणार. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला जे मिक्सरचं किट बसतं, त्यात गॅस हवेची जागा खातो, म्हणून ताकद पाच-दहा टक्क्यांनी कमी. आधीच ४५ हॉर्सपॉवर, त्यातून अजून कापायचे! टाकी ८० टक्केच भरायची, कारण गरमीत द्रव फुगतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: एलपीजी हवेपेक्षा जड आहे. सीएनजी गळला तर वर उडून जातो, एलपीजी खाली साचतो. गाडीच्या तळात, गॅरेजच्या खड्ड्यात, आणि ठिणगीची वाट बघत बसतो.

म्हणून मंजूर टाकीवर मल्टिव्हॉल्व्ह असतो: ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारा, पाइप तुटला तर प्रवाह बंद करणारा, दाब वाढला तर सोडणारा. त्यावर हवाबंद खोका, आणि खोक्यातून गाडीबाहेर जाणारी नळी. शिवाय किट त्या गाडीसाठी मंजूर हवं, आरसी बुकावर नोंद हवी आणि विमा कंपनीला कळवलेलं हवं. नाहीतर अपघात झाल्यावर क्लेमच्या नावाने शंख!

आणि पैसे? समजा वर्षाला २,५०० किलोमीटर. पेट्रोल २५० लिटर, १०५ रुपयांनी २६,२५० रुपये. एलपीजीचा लिटर पेट्रोलच्या ६० टक्के भावात धरला तर खर्च पाऊणपट होतो, म्हणजे वर्षाला साधारण साडेसहा हजार वाचतात. किट, टाकी, फिटिंग आणि आरटीओचे सोपस्कार मिळून चाळीस हजार धरले तर वसूल व्हायला सहा वर्षं. जिप्सी तोवर चाळिशीकडे झुकलेली असेल, आणि मीसुद्धा :)

चार भोकं

दुसऱ्या शनिवारी टाकी कुठे बसेल ते बघायला मागची सीट काढली. खालचं मॅट उचललं तर पत्र्यात चार भोकं. स्वच्छ ड्रिल केलेली, नीट चौकोनात, दहा मिलीमीटरच्या बोल्टची. कंपनीची नक्कीच नाहीत.

"मामा, ही कसली?"

मामा बराच वेळ बोललाच नाही. चहा मागवला. मग म्हणाला, "सिलिंडरचा स्टँड होता तिथे."

"कुठला सिलिंडर?"

"कुठला म्हणजे? घरचा."

तर झालं होतं असं. साधारण २००३ ते २००७, चारेक वर्षं, जिप्सी घरगुती सिलिंडरवर चालली. त्या वेळी गाळ्याला काम मिळत नव्हतं. मामा रोज सातिवलीहून भिवंडी, तळोजा असा जॉब पोचवत फिरायचा, दिवसाला साठेक किलोमीटर. १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे सुमारे २६ लिटर गॅस, म्हणजे वीसेक लिटर पेट्रोलचं काम, आणि तेही सबसिडीच्या भावात. शेजारच्या गाळ्यातल्या मेकॅनिकने एका दुपारत जोडून दिलं. मल्टिव्हॉल्व्ह नाही, हवाबंद खोका नाही. एक रबरी पाइप आणि दोन क्लिपा.

मी गप्प बसून हिशोब करत होतो, पण पैशांचा नाही. २००५ मध्ये मी आठ वर्षांचा होतो. महाशिवरात्रीला मामा आम्हा सगळ्या भाचरांना जिप्सीत कोंबून तुंगारेश्वरला न्यायचा. हायवे सोडला की कच्चा रस्ता, मोठाले दगड, मध्ये ओढे. प्रत्येक धक्क्याला आम्ही मागे ओरडायचो, "अजून जोरात मामा!" माझी जागा ठरलेली होती: मागच्या सीटच्या पाठीमागे, गोधडी घातलेल्या एका उंचवट्यावर. तिथून बाहेरचं छान दिसायचं.

"मी त्याच्यावर बसायचो?"

"हो," मामा म्हणाला. "आईला सांगू नको तुझ्या."

माझ्यातला शहाणा चिडला. दगडांवरून आपटणाऱ्या गाडीत, वेल्डिंगच्या ठिणग्या उडणाऱ्या गाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीत... असलं बरंच बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "तुझ्या त्या कॉम्प्युटरवर माझं तेव्हाचं गणित मांडून बघ."

रात्री घरी येऊन मांडलं. तीच एक्सेल, फक्त किलोमीटर बदलले. रोज ६० प्रमाणे वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८,००० किलोमीटर. आजच्या भावाने, मंजूर किट लावूनसुद्धा, चाळीस हजार दहा महिन्यांत वसूल. सबसिडीचा सिलिंडर धरला तर त्याहून लवकर. गणित त्याचंच बरोबर होतं. माझ्या गणितात ती चूक दिसते, कारण मला भिवंडीला जॉब पोचवायचा नाही. ज्याची मान धरली जाते तो इंधन बदलतो, हे मी आठवडाभर पुस्तकी वाचत होतो, आणि ज्याची धरली गेली होती तो समोर बसून चहा पीत होता.

पण त्या गणितात एक रकाना नव्हता. गोधडीवर बसलेल्या पोराचा. कोळशाच्या मोटारीत मागच्या बाकावर बसलेल्यांचाही नसणार. कायद्याने जी टाकी, जो व्हॉल्व्ह, जी बाहेर जाणारी नळी सक्तीची केली, ती त्या रकान्याची किंमत आहे. आरटीओच्या रांगेत शिव्या घालताना एवढं आठवलं तरी पुरे.

तिसऱ्या शनिवारी मी मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे गॅस नको?"

"नको. आपल्याला वर्षाला अडीच हजार किलोमीटर जायचंय, तेही मजा म्हणून. मजेचं पेट्रोल विकत घेऊ. रोज चालवायची वेळ आली तर मंजूर टाकी लावू, आरसीवर चढवून."

"आणि रोज चालवायची वेळ आली, पण मंजूर टाकीचे पैसे नसले तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

कार्ब्युरेटर उघडून साफ केला, फ्लोटची उंची लावली, नवी गॅस्केट टाकली. जाताना मामाने शेजारून वेल्डरला बोलावलं. पेट्रोलची टाकी सोडवून बाहेर ठेवली, पाइप बुचं लावून बंद केले, आणि त्याने पाच मिनिटांत चारही भोकं बुजवली. वर प्रायमर मारला.

पुढच्या महाशिवरात्रीला बघू. बहिणीची पोरं आता मागे बसायच्या वयाची झालीत. सीटवर, बेल्ट लावून.